जुनी जिप्सी घेण्याआधी

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि विषय सुचवला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याचं जग’. तो मी बदलून घेतला. वीसहून जास्त वर्षं पुण्यात संगणकापुढे बसून काढली हे खरं, पण त्या विषयावर तुमची मुलंच तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगतील. मी आज जुनी गाडी विकत घेण्याआधी काय पाहावं यावर बोलणार आहे. तीही कामाची गाडी नव्हे, हौसेची. पळवायची. हसा खुशाल. पण या विषयात मी एक लाख ऐंशी हजार रुपये फी भरलेली आहे, आणि त्याहून मोठी फी थोडक्यात वाचलेली आहे.

सुरुवात आपल्या शाळेच्या सहलीपासूनच होते. १९९५ साल, ज्या वर्षी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. आपली एसटी मोहर्लीला थांबली होती, डबे उघडले होते आणि शेजारून वनखात्याची एक उघडी जिप्सी धूळ उडवत आत गेली. वाघ त्या दिवशी कोणालाच दिसला नाही. मला मात्र जिप्सी दिसली, आणि ती डोक्यातून गेलीच नाही.

मुंबई-पुण्याच्या लोकांना स्पोर्ट्स कार म्हटलं की बसकी, लाल, दोन दारांची गाडी दिसते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडची स्पोर्ट्स कार म्हणजे जिप्सीच. डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीने ती आणली तेव्हा इंजिन होतं फक्त ९७० सीसीचं. १९९६ मध्ये १.३ लिटरची जिप्सी किंग आली, २००० मध्ये एमपीएफआय इंजिन आलं आणि ताकद ८० अश्वशक्तीच्या घरात गेली. वजन साधारण एक टन. म्हणून तर रेड-डी-हिमालयासारख्या रॅलींमध्ये तिने इतकी वर्षं राज्य केलं. २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली. म्हणजे आता कोणाला जिप्सी हवी असेल तर जुनीच घ्यावी लागणार. आणि जुनी जिप्सी कुठून येते? सफारीतून, रॅलीतून, लष्कराच्या लिलावातून, नाहीतर एखाद्या हौशी माणसाकडून. चौघांनीही ती दामटलेलीच असते.

तीन वर्षांपूर्वी मी एका दलालाकडून जिप्सी घेतली. गाव आणि दलाल दोन्ही सांगत नाही. हिरवा रंग आरशासारखा, नवं हूड, नवे टायर. खालूनसुद्धा काळाकुळकुळीत रंग मारलेला. ‘मॅडम, खालून पण कोटिंग करून दिलंय,’ तो म्हणाला. मी खूश झाले. दहा मिनिटं चालवून पाहिली, आरसी पाहिली, पैसे दिले. ऑफिसात आम्ही प्रोग्रॅमची एक ओळ बदलली तरी दुसऱ्या दोघांनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. तीच मी, इथे कोणालाही न विचारता मोकळी झाले.

दिवाळीच्या सुट्टीत ती चंद्रपूरला आणली आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन मूलच्या रस्त्याने निघाले. लोहाऱ्याचं जंगल संपत आलं, चिचपल्लीच्या अलीकडे एका पुलाच्या सांध्यावर गाडी आदळली आणि स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. थरथर वाढत गेली. ताक घुसळावं तसं चाक डावी-उजवीकडे. मी ब्रेक दाबला तर गाडी सरळ डावीकडे ओढली गेली. खाली उतरली, एका सागाच्या झाडापासून दोन हातांवर थांबली. समोरून येणारा कोळशाचा ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. मुलगी म्हणाली, ‘आई, ही अशीच थांबते का?’ मला बोलता येईना.

संध्याकाळचे साडेपाच झाले होते. मी आपल्या बॅचच्या ग्रुपवर निरोप टाकला. पंचेचाळीस मिनिटांत एक जण पिकअप घेऊन आला. त्याने बजावलं आहे की माझं नाव घ्यायचं नाही, म्हणून घेत नाही. ओळखणाऱ्यांनी ओळखावं. तो आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, दहावीला पहिल्या फटक्यात पास झाला नाही, आणि आज त्याचं चंद्रपुरात गॅरेज आहे. त्याने आधी पोरीला पाणी दिलं. मग पोतं अंथरून गाडीखाली शिरला, टॉर्च मारला आणि पेचकसाच्या टोकाने चेसिसवर हळूहळू ठोकायला लागला. टण, टण, टण... आणि मग थप्प. पेचकस आत गेला. पुढच्या डाव्या पाट्याचा हँगर जिथे चेसिसला धरलेला असतो तिथलं लोखंड गंजून पापडासारखं झालं होतं. त्यावर पट्टी ठेवून वेल्डिंग केलेलं, आणि वरून तो सुंदर काळा रंग. वेल्डिंग अर्ध्यावर फाटलं होतं.

बाहेर येऊन त्याने मला एकच विचारलं : ‘तू गाडी पाह्यली का रंग पाह्यला?’

त्या हिवाळ्यात त्याच्यासोबत मी पाच जिप्सी पाहिल्या. चार सोडल्या, पाचवी घेतली. तो जे करत होता ते मी वहीत लिहीत गेले. आपले गणिताचे सर सांगायचे, उत्तराला एक गुण, पायऱ्यांना तीन. म्हणून पायऱ्याच सांगते.

पहिली पायरी घरी बसूनच. गाडीचा नंबर घ्या आणि परिवहन खात्याच्या ॲपवर टाका. नोंदणी कधीची, कितवा मालक, विमा चालू आहे का, कर्जाचा बोजा आहे का, गाडी खाजगी आहे की टुरिस्ट परवान्याची, हे दिसतं. सफारीतून निघालेली गाडी परवान्यावर असेल तर ती खाजगी करून घ्यायचं काम आरटीओत होतं, आणि ते आधी विक्रेत्याने पूर्ण करावं, मग आपण पैसे द्यावेत. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर पासिंग करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. पहिली जिप्सी इथेच बाद झाली : फोटोत खाजगी पाटी, कागदावर टुरिस्ट.

दुसरी पायरी, चेसिस नंबर. विज्ञानाच्या तासाला आपण कागदाखाली नाणं ठेवून पेन्सिल घासायचो आणि मार खायचो, आठवतं? आरटीओत अजून तेच करतात. चेसिसवर कोरलेल्या आकड्यांवर कागद धरून पेन्सिलीने छाप घेतात. तुम्हीही घ्या आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा. आकड्यांच्या आजूबाजूला घासल्याच्या खुणा, वेगळा रंग, एखादा आकडा तिरका असेल तर तिथूनच परत फिरा. लष्कराच्या लिलावातली गाडी असेल तर इंजिन आणि चेसिस दोन्ही नंबर लिलावाच्या कागदांशी जुळले पाहिजेत, कारण तिची आरटीओ नोंदणी त्या कागदांवरच उभी असते.

हे फक्त जिप्सीपुरतं नाही. दिल्लीच्या २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दाखवलेली डीसी अवंती ही आपल्या देशात बनलेली खरीखुरी स्पोर्ट्स कार. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी या गाडीच्या निर्मात्यांना अटक केली. पोलिसांचा आरोप होता की त्याच इंजिन आणि चेसिस नंबरांवर एकाहून जास्त नोंदण्या झाल्या आणि गाड्यांवर कर्जं उचलली गेली. आरोप म्हणजे निकाल नव्हे, ते न्यायालयाचं काम. पण विकत घेणाऱ्याने त्यातून एवढं घ्यावं : गाडी कितीही दुर्मीळ आणि देखणी असो, छाप घेतल्याशिवाय तिची आरसी म्हणजे नुसता कागद.

तिसरी पायरी, सकाळी जा आणि गाडी थंड असताना जा. विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. गरम असेल तर विचारा का. थंड इंजिन एका दमात सुरू होतं का, सुरू होताना सायलेन्सरमधून काय निघतं ते पाहा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतं आहे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंटच्या डब्यात तेलाचा तवंग असेल तर हेड गॅसकेटचा संशय घ्या. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून भसाभस वाफेसारखा धूर येत असेल तर रिंगा गेल्या. आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा. बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून चाला.

सफारीच्या गाडीबद्दल त्याने मला एक गोष्ट शिकवली जी मला सुचली नसती. मीटरवर किलोमीटर कमी दिसतात म्हणून भुलू नका. ती गाडी दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, धुळीत, हळूहळू चालते. इंजिन तासन्‌तास फिरतं, मीटर थोडंसंच पुढे सरकतं. तिच्यात क्लच आणि एअर फिल्टर आधी पाहा, पेडलचं रबर किती झिजलंय ते पाहा. मागच्या उंच सीटसाठी बॉडी कापून वेल्डिंग कुठे केलंय तेही पाहा. दुसरी जिप्सी आम्ही यातच सोडली.

चौथी पायरी, माझी फी जिथे गेली ती. खाली झोपा. साडी असो, सूट असो, पोतं अंथरा आणि झोपा. टॉर्च मारून चेसिस पुढून मागपर्यंत पाहा. विशेष पाहायच्या जागा म्हणजे पाट्यांचे हँगर, शॉकअप्सच्या माउंटिंग्ज, बॉडी जिथे चेसिसवर बसते ते रबर. पेचकसाने ठोकून आवाज ऐका. आणि जुन्या गाडीला खालून नवा काळा रंग असेल तर तो खरवडायची परवानगी मागा. प्रामाणिक माणूस ‘खरवडा’ म्हणतो. तिसऱ्या जिप्सीचा मालक चिडला. आम्ही चहा पिऊन निघालो.

वरची बॉडी पाहायला फ्रिजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळून न्या. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्यावर पुट्टी भरली आहे. अर्थात ही युक्ती पत्र्याच्या गाडीलाच. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीला सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची गाडी बनू लागली होती, तिची बॉडी फायबरग्लासची. तिला चुंबक कुठेच चिकटणार नाही. तिथे बिजागऱ्यांजवळ आणि कोपऱ्यांत केसासारख्या भेगा शोधाव्या लागतात.

पाचवी पायरी पाण्याची. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये वर्धा, इरई आणि वैनगंगेने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. भामरागडला तर पर्लकोटेचं पाणी जवळपास दर पावसाळ्यात पुलावर असतं. अशा पाण्यातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून विकायला येतात. डॅशबोर्डखाली हात घालून वायरींच्या मागची माती बोटाला लागते का पाहा. सीटचे रूळ, हेडलाइटच्या आतली ओल, बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याचा खालचा भाग तपासा. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून पाहा. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलेलं आहे. चौथी गाडी अशीच निघाली. तिचे मालक बिचारे स्वतःच चकित झाले, त्यांनाही कोणीतरी फसवलं होतं.

सहावी पायरी चालवून पाहायची, पण कमीत कमी अर्धा तास. जॅक लावून पुढचं चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. खेळ असेल तर किंगपिनचे बेअरिंग किंवा चाकाचं बेअरिंग. जिप्सीची ती थरथर बहुतेक वेळा किंगपिनपासूनच सुरू होते, माझ्या गाडीत दोन्ही रोग होते. गिअर पुढे-मागे टाकताना खालून ‘टक’ आवाज आला तर क्रॉस गेलेला. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात हात हलके ठेवून ब्रेक लावा, गाडी कोणत्या बाजूला ओढते ते कळेल. मग मातीत नेऊन फोर व्हील टाका. हबचे लॉक फिरतात का, पुढची चाकं खरोखर ओढतात का ते पाहा. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून वळवू नका, ट्रान्स्फर केसवर नाहक ताण येतो.

इथे काही जणांनी मला जेवताना सांगितलं की पोरगा टर्बोवाली जलद गाडी मागतोय. पायऱ्या याच. त्यात तीन जोडा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मालकाचा हात कुठे आखडला ते कळतं. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणीतरी तो लपवला आहे. आणि इंजिनाची संगणकीय ताकद बाहेरून वाढवून घेतली होती का, हे तोंडावर विचारा. माझ्याच क्षेत्रातले लोक ते करतात, म्हणून सांगते : गाडी विकताना मूळ प्रोग्रॅम परत टाकता येतो, पण झिजलेला क्लच आणि गिअरबॉक्स परत नवे होत नाहीत.

शेवटची पायरी नावाची. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या एनओसीसह फॉर्म ३५, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्या. हे विकणाऱ्यांनी तर जास्तच ऐकावं. ६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. ती गाडी पुढे एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला विकली होती, नाव मात्र कोणी बदललं नव्हतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या मालकावर आली. सह्या करून कोरे फॉर्म दलालाच्या हाती देऊन मोकळे झालेले आपल्यात किती जण आहेत? हात वर करू नका, पण उद्या ॲपवर पाहा.

आता माझ्या हिरव्या जिप्सीचं काय झालं ते. गॅरेजमध्ये ती उभी होती. दलालाने फोन उचलणं बंद केलं होतं. एक जण येऊन म्हणाला, ताई, पुन्हा पट्टी मारू, रंग मारू, दीड लाखाला सहज जाईल, नागपूरकडचं गिऱ्हाईक आहे. मी खोटं बोलणार नाही, रात्रभर विचार केला. एक लाख ऐंशी हजार मला लहान रक्कम नाही. सकाळी मी मित्राला विचारलं, काय करू? तो म्हणाला, ‘मले काहून विचारते? त्या गाडीत कोणाची तरी पोरगी बसन.’

आम्ही ती मोडीत काढली. नोंदणी रद्द करून घेतली, चेसिस भंगारात गेली, इंजिन आणि चांगले भाग पावतीवर विकले. हाती आले एकोणसाठ हजार. बाकीचे गेले.

तेव्हापासून मला वाटतं की गाडी तपासण्याची यादी पाठ करणं सोपं आहे. मी संगणकाचीच माणूस, यादी मीही केली असती. अवघड आहे ते दोनदा. एकदा घेताना, मन भरलेलं असताना, पैसे खिशात असताना, ‘नको’ म्हणून रिकाम्या हाताने परत यायचं. आणि एकदा विकताना, जे आपल्याला दिसलं आहे ते समोरच्याला दाखवायचं. पहिलं मला जमलं नाही म्हणून फी पडली. दुसरं जमलं ते माझ्यामुळे नव्हे.

आज मैदानात, लिंबाच्या झाडाखाली माझी पाचवी जिप्सी उभी आहे. तिचा रंग उडालेला आहे आणि उजव्या दारावर पोच आहे. जेवणानंतर ज्यांना पाहायची असेल त्यांनी यावं. टॉर्च आहे, पेचकस आहे, पोतंही आणलं आहे. सर, तुम्हीसुद्धा. खाली काय पाहायचं ते आपला शेवटच्या बाकावरचा मित्र सांगेल. माइकवर तो बोलणार नाही, पण गाडीखाली शिरला की छान बोलतो.